टेबल उलटे करून पाहावे

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस जुन्या लाकडी सामानाला मोठे घातवाराचे असतात. एरवी वर्षभर ज्या वस्तूकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती या पंधरवड्यात एकाएकी साऱ्या घराच्या डोळ्यांत खुपू लागते. ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत कोणत्याही गल्लीतून या दिवसांत सकाळी फिरून या. जिन्याखाली, फाटकाशी, नाहीतर सरळ रस्त्याच्या कडेला कुठे तीन पायांवर तोल सावरणारी खुर्ची दिसेल, कुठे आरसा गेलेली आरशाची चौकट दिसेल, कुठे खण हरवलेले टेबल दिसेल. भंगारवाला येतो, पायानेच जरा ढकलून पाहतो आणि मान हलवतो. लोखंडाला भाव आहे, पितळेला तर आहेच. लाकडाला "जळणात जाईल, साहेब" एवढाच शेरा.

त्यात आता पुनर्विकासाची भर पडली आहे. साफसफाईत निदान घर तरी जागेवर राहत असे. आता घरच पाडायचे असते, आणि ते पुन्हा उभे राहीपर्यंत दोन-तीन वर्षे भाड्याच्या जागेत काढायची असतात. माणसे हातात टेप घेऊन घरभर हिंडतात आणि आजोबांच्या कपाटापासून आजीच्या पाटापर्यंत प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी घेतात. जे मापात बसत नाही ते नको.

अशा नको झालेल्या सामानात एक चीज मला वारंवार दिसते. भिंतीला पाठ लावून उभे राहणारे, कमरेएवढ्या उंचीचे, गडद लाकडाचे लहानसे टेबल. वरची फळी बहुधा अर्ध्या चंद्रासारखी. पाय वरून खाली निमुळते होत गेलेले आणि त्यांवर उभ्या बारीक पन्हळी. फळीखालच्या पट्टीवर फुलांच्या माळा कोरलेल्या, मधूनच एखादे गोल फूल, एखादा कलश. आणि पायांच्या माथ्यावर, कारागिराला हौस असेल तर, मेंढ्याचे तोंड. घरात कोणी त्याला 'कोपऱ्यातले टेबल' म्हणतात, कोणी 'साइड टेबल' म्हणतात, आणि बरेच जण 'टीपॉय' म्हणून मोकळे होतात.

या 'टीपॉय' शब्दाची मोठी गंमत आहे. तो साहेबाने आपल्याला दिला अशी आपली समजूत. त्यात 'टी' आहे म्हणजे चहाशी काही संबंध असणार असेही आपल्याला वाटते. वास्तविक मूळ शब्द आपल्याकडचाच, 'तिपाई'. तीन पायांची ती तिपाई. मराठीतली तिवई तिचीच बहीण. साहेबाने शब्द उचलला, आपल्या जिभेला सोसेल असा वाकवला, 'टी' ऐकून त्याचे चहाशी लग्न लावले आणि चार पायांच्या टेबलालाही तेच नाव देऊन परत आपल्याच दिवाणखान्यात पाठवला. खुद्द टेबलाची हकीकतही थोडीफार याच वळणाची आहे.

जाणकार या घाटाला 'नव-अभिजात शैलीचे पुनरुज्जीवन' असे भारदस्त नाव देतात. नाव ऐकून दबून जाण्याचे कारण नाही. इटलीत ज्वालामुखीखाली गाडली गेलेली दोन रोमन गावे अठराव्या शतकात खणायला घेतली. हर्क्युलेनियम १७३८ साली आणि पाँपेई १७४८ साली. भिंतींवरची चित्रे, दिवे, भांडी, बैठका असा दीड हजार वर्षांहून जुना संसार वर आला आणि साऱ्या युरोपाला त्याचे वेड लागले. रॉबर्ट ॲडम नावाचा स्कॉटलंडचा एक वास्तुशिल्पी १७५४ साली इटलीला गेला. १७५७ साली एड्रिॲटिक समुद्राकाठच्या डायोक्लेशन बादशहाच्या पडक्या राजवाड्याची त्याने मापे घेतली आणि १७६४ साली त्यावर मोठा ग्रंथ छापला. पण ग्रंथापेक्षा त्याने केलेली दुसरी गोष्ट जास्त टिकली. घराच्या छतापासून खुर्चीपर्यंत सारे एकाच घाटाचे असावे अशी त्याने टूम काढली. देवळांच्या खांबांवरच्या पन्हळी टेबलाच्या पायांवर उतरल्या. वेदीवरच्या माळा, कलश आणि बळीच्या मेंढ्याची तोंडे फळीखालच्या पट्टीवर येऊन बसली.

ॲडम १७९२ साली वारला आणि काही वर्षांत ही तऱ्हा मागे पडली. परंतु फॅशन आणि जावई यांचे पुन्हा येणे कधी चुकत नाही. १८६० नंतर इंग्लंडात तीच टूम परत आली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात राइट अँड मॅन्सफील्ड या लंडनच्या पेढीने या धाटणीचे एक कपाट मांडले, ते साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाने विकत घेतले, आणि मग काय! ज्याला त्याला माळा आणि कलश हवेसे झाले. आपल्याकडच्या कोपऱ्यांतली टेबले त्या दुसऱ्या लाटेची. पहिल्या लाटेचा मासला पाहायचा असेल तर मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांशी उभे राहावे. १८३३ साली पुरा झालेला तो टाउन हॉल म्हणजे हीच हौस, पण दगडातली. त्या खांबांच्या पन्हळी नीट पाहून घ्या आणि घरी येऊन टेबलाचे पाय पाहा. काका-पुतण्याचे साम्य दिसेल.

ही लाट मुंबईला कशी पोचली याची एक हकीकत मला फार आवडते. १८७९ च्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट ही थिऑसॉफीची मंडळी मुंबईला उतरली. त्यांच्याबरोबर एडवर्ड विम्ब्रिज नावाचा एक इंग्रज वास्तुशिल्पी होता. पुढच्याच वर्षी मंडळींत बिनसले. विम्ब्रिजने संगत सोडली, पण मुंबई सोडली नाही. त्याने येथेच लाकडी सामानाचा कारखाना काढला आणि त्याचा माल राजेरजवाड्यांच्या महालांत जाऊन बसला. आत्म्याच्या शोधात सातासमुद्रापलीकडून आलेला गृहस्थ अखेर खुर्च्या-कपाटांत रमला! अशा कारखान्यांत, आणि त्याहून कितीतरी अधिक गल्लीबोळांतल्या दुकानांत, नमुना विलायती असे. साहेब पुस्तकातले चित्र दाखवी. पण रंधा, पटाशी आणि लाकूड सारे येथलेच.

आणि लाकडाची गोष्ट निघाली की कल्याणकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे साधू झाला, एक ग्रंथ लिहिला. त्यात 'कॅलियाना' बंदरातून कापडाबरोबर एका लाकडाचे ओंडके परदेशी जातात असे तो सांगतो. कॅलियाना म्हणजे आपले कल्याण आणि ते लाकूड म्हणजे शिसव, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीवर गलबते बांधायला घेतली. ज्या खाडीतून शिसव एकेकाळी परदेशी गेले, त्याच गावातल्या माजघरात शिसवाचे टेबल 'विलायतेहून आलेले' म्हणून मिरवावे, याला काय म्हणावे?

हे मी कोणाला उद्देशून म्हणतो ते सांगतो.

आमच्या मामी कल्याणला पारनाक्याच्या बाजूला राहतात. वय एक्याऐंशी. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. घर आता पाडायला निघाले आहे आणि डोंबिवली पूर्वेला भाड्याची जागा पाहून ठेवली आहे: एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. धाकटा मुलगा त्यांच्याजवळ असतो, थोरला ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर. सामानाची यादी होत आली होती. अडून बसले होते ते एक टेबल. मामांच्या आजोबांनी मुंबईला कोण्या निघून जाणाऱ्या साहेबाच्या लिलावात ते घेतले, ते विलायतेहून बोटीने आलेले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत. जुने सामान घेणारा एक गृहस्थ येऊन गेला होता आणि साडेचार हजार देतो म्हणाला होता. थोरल्याला ते पटले होते. मामी हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. मी या सदरात जुन्या वस्तूंवर चार ओळी लिहितो, तेव्हा मला त्यातले कळत असणार, या भरवशावर मला बोलावणे आले.

"दादा, तुम्हीच सांगा," थोरला म्हणाला, "तिथे ठेवायचं कुठे? उद्या वाळवी लागली की साडेचार हजारही यायचे नाहीत."

त्याचे म्हणणे गैर नव्हते. भाड्याच्या घरात आईचा पलंग बसायला हवा, हे त्याने आधी पाहिले होते. मी म्हटले, आधी टेबल उलटे करू.

वाचकहो, जुने टेबल वरून पाहून काही कळत नाही. वरची बाजू पाहुण्यांसाठी असते. खरे ते खाली लिहिलेले असते. आम्ही तिघांनी मिळून ते सतरंजीवर पालथे घातले. शिसव विलक्षण जड. लहानसे टेबल, पण तिघांनाही धाप लागली. बाहेरून दिसणारे सारे लाकूड शिसवाचे होते. आतली, कोणाला न दिसणारी पट्ट्या-ठोकळ्यांची कामे मात्र सागाची निघाली. विलायतेत अशा झाकल्या जागी बहुधा ओक नाहीतर पाइन घालीत. साग तिकडे लांबून आणावा लागे, तो झाकून कोण ठेवील? सागावर हत्यारांचे ओरखडे तसेच होते. न दिसणारी बाजू घासून गुळगुळीत करण्यात मिस्त्रीने वेळ घालवला नव्हता. खण बाहेर काढला, तर त्याच्या कोपऱ्यांतले सांध्याचे दात एकसारखे नव्हते. एक जाड, एक बारीक. यंत्राचे दात शाळेतल्या कवायतीसारखे एका मापाचे असतात, हाताचे नसतात.

आणि मग धाकट्याने मोबाईलचा दिवा जवळ धरला तेव्हा प्रत्येक पायाच्या माथ्याशी, चौकटीला जोड बसतो तेथे, पटाशीच्या टोकाने कोरलेला एकेक आकडा दिसला. जोडणी करताना कोणता पाय कोणत्या खाचेत जायचा याची ती खूण. आकडे आपले होते. देवनागरी म्हणा, गुजराती म्हणा. हे चार आकडे दोन्हींत इतके सारखे की मिस्त्री कोकणातला की सुरतेकडचा हे त्यावरून ठरवता यायचे नाही. पण लंडनच्या सुताराने काही ते कोरले नव्हते.

"म्हणजे विलायती नाही?" थोरल्याचा चेहरा उतरला. "मग तो साडेचार देतोय तेच पुष्कळ."

मामी इतका वेळ पलंगावर बसून पाहत होत्या. त्या उठल्या, टेबलाजवळ आल्या. "आपल्या माणसानं केलंय होय," एवढेच म्हणाल्या. मग पट्टीच्या टोकाला असलेल्या कातरलेल्या कडांच्या पानावर बोट ठेवून थोरल्याला म्हणाल्या, "अरे, पासष्ट साली लग्न होऊन आले, तेव्हापासून या पानातली धूळ मी काडीला कापूस लावून काढत आले. दर शनिवारी. मला हे विलायती असलं काय नि भिवंडीचं असलं काय."

त्या पानाची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ते ॲकँथसचे पान. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस सांगतो की, ग्रीसमधल्या कोरिंथ गावात लग्नाच्या वयाची एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या लहानसहान वस्तू टोपलीत घालून ती टोपली थडग्यावर ठेवली आणि वर एक कौल झाकले. टोपली नेमकी ॲकँथसच्या मुळावर ठेवली गेली होती. वसंतात पाने फुटली, टोपलीला धरून वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी येऊन बाहेर वळली. तेथून जाणाऱ्या कॅलिमॅकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिले आणि खांबाच्या माथ्यावर तशी पाने कोरली. तेथून ती रोमला गेली, रोमहून ॲडमच्या वहीत आणि वहीतून कल्याणच्या माजघरात. खरोखर असे घडले की नाही कोण जाणे, पण ही कथा दोन हजार वर्षे सांगितली जात आहे. मौज अशी की, या ॲकँथसची सख्खी बहीण ठाण्याच्या खाडीत तिवरांच्या सोबतीने वाढते. मराठीत तिला मारांडी म्हणतात; पानांच्या कडांना काटे, फुले जांभळट निळी. मामींच्या टेबलावरचे पान कोरणाऱ्या मिस्त्रीपुढे पुस्तकातले चित्र असेल. पण त्याने पानाच्या कडेला काढलेले काटे फार ओळखीचे वाटतात, एवढे मी म्हणेन. माळेतली पाने तर सरळसरळ आंब्याची होती. साहेबाने माळ मागितली, मिस्त्रीने तोरण बांधून दिले!

आता आकड्यांचे. ते १ ते ४ असते तर येथेच थांबलो असतो. ते होते ५, ६, ७ आणि ८. शिवाय फळीच्या मागच्या सरळ कडेला, भिंतीकडच्या बाजूला, दोन गोल भोके होती, मेणाने नि धुळीने बुजलेली. अशी अर्धचंद्री टेबले पुष्कळदा जोडीने करीत. एरवी दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतींशी एकेक उभे करायचे आणि पंगत मोठी असली की पाठीला पाठ लावून, खुंट्या बसवून, एक गोल टेबल करायचे. मी विचारले, "मामी, याचा जोडीदार कुठे आहे?"

खोलीत कोणी काही बोलेना. मग मामीच म्हणाल्या, "ठाण्याला. धाकट्या भावजींकडे."

१९६८ साली दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण टेबलांवरून नव्हते, परसातल्या विहिरीच्या हिश्शावरून होते. टेबले आपली एकेक वाटून घेतली. धाकटे भाऊ ठाण्याला गेले. त्यानंतर लग्नकार्याला पत्रिका गेल्या, माणसे गेली नाहीत. आता दोघेही भाऊ हयात नाहीत आणि विहीर तर कधीच बुजवली. मुलांना हे सारे अर्धवट ऐकून माहीत. कल्याणला अशी समजूत की, चांगले टेबल ठाणेकरांनी नेले.

पुढच्या रविवारी मी ठाण्याला गेलो. मामींनी पाठवले असे म्हणवत नाही. त्यांनी फक्त "तू तिकडे जाणारच असशील" असे म्हटले होते. नौपाड्यातल्या त्या घरी धाकट्या मामांची सून होती, तिने चहा केला, मी मोबाईलमधला फोटो दाखवला. ती मला मागच्या गॅलरीत घेऊन गेली. टेबल होते. अंगभर पिवळट पांढरा ऑइलपेंट, वरच्या फळीवर सनमायका डकवलेला आणि त्यावर तुळस, गवती चहा नि कोरफडीच्या कुंड्या. मेंढ्यांची तोंडे रंगाच्या पुटांखाली इतकी बुजली होती की ती मांजरे वाटत होती. कुंड्या उतरवून आम्ही ते आडवे केले. रंगारी न दिसणाऱ्या जागी रंग वाया घालवीत नाही, ही त्याची कृपा. चारही आकडे कोरे करकरीत वाचता आले. १, २, ३, ४.

सून म्हणाली, "सासरे नेहमी म्हणायचे, फुटकं टेबल आपल्याला दिलं नि चांगलं त्यांनी ठेवलं. म्हणून तर रंग दिला. याला कुठे तडाही गेलेला दिसत नाही."

तडा नव्हताच. दोन्हीही टेबले तंतोतंत एकसारखी होती. एकमेकांकडे न गेल्यामुळे हे साऱ्या आयुष्यात दोघांनाही पाहता आले नाही.

मी ठाण्याहूनच मामींना फोन लावून दिला आणि गॅलरीत जाऊन कोरफड पाहत उभा राहिलो. आत बराच वेळ बोलणे चालले होते. मला ऐकू आले ते एवढेच की, विषय वाटणीचा नव्हता, रंग कशाने निघेल याचा होता.

हा प्रश्न पुष्कळ घरांत असेल, म्हणून तेवढे सांगून ठेवतो. जुना ऑइलपेंट सँडपेपरने कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा फार संभव. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. घरात लहान मूल असेल तर ती धूळ विषच समजावी. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टेबल बुडवून देणारेही असतात. त्याने रंग जातो, पण लाकडाचे तेज जाते आणि सांध्यांतला सरसही सुटतो. रंग मऊ करणारे औषध लावून लाकडी चमच्याने हलके खरवडणारा माणूस शोधावा, आणि कोरीव काम त्याने आधी एका मेंढ्यावर करून दाखवावे.

रंग नसेल तर काम सोपे. जुन्या शिसवावर बहुधा चपडी लाखेचे पॉलिश असते. खालच्या बाजूला न दिसेल असा स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. चिकट झाले तर लाख समजावी. तीवर ओला पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उठते, तो ओलावा लाखेत अडकलेला असतो. लाकूड खराब झालेले नसते. खोबरेल तेल चोळण्याची आपल्याकडे चाल आहे, ती बरी नव्हे. ते वाळत नाही, धूळ धरून ठेवते. मधमाशांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून वर्षातून एकदा कापडाने पुसले की पुरते. मामींची काडी नि कापूस आहेच.

विकायचे असेल तरीही आधी उलटे करून पाहा. मुंबईला चोरबाजारात, जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात अशा सामानाची आजही उलाढाल आहे, आणि त्याच घाटाचे नवे सामानही पुष्कळ तयार होते. किड्याने पोखरलेली भोके आत वाकडीतिकडी जातात. कोणी गिरमिटाने पाडलेली सरळ जातात, सुई घालून पाहिले की कळते. आणि एक गोष्ट, परदेशी असलेल्या मुलांकडे पाठवायचा विचार असला तर: शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. तशी ठरली तर ती सहजासहजी देशाबाहेर नेता येत नाही. शिसवालाही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने लागू आहेत. तेव्हा कागदपत्रांची चौकशी केल्याशिवाय खोके बांधू नये.

साडेचार हजारवाल्या गृहस्थाला थोरल्याने स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितले. त्याला आईच्या शनिवारांनी गप्प केले, की जोडी पुरी असली तर भाव दुप्पट होतो या हिशेबाने, ते मी विचारले नाही. दोन्ही कारणे एका माणसात सुखाने राहू शकतात. डोंबिवलीच्या जागेत टेबल बसणार का, हा प्रश्न मात्र टेप लावताच सुटला. अर्धचंद्री टेबल मुळात भिंतीलगत थोडी जागा अडवावी म्हणूनच जन्माला आले. मामींच्या पलंगाच्या उशाशी ते औषधांसकट बसते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मांडीला कोपरा लागत नाही, कारण कोपराच नाही. कल्याणच्या घरी तेवढी रुंद खोली असताना या सोयीचा कोणाला कधी उपयोगच झाला नव्हता.

ठाण्याच्या टेबलावरचा सनमायका काढला आहे. खालची फळी थोडी डागाळली असली तरी शाबूत आहे. कुंड्यांसाठी सुनेने लोखंडी स्टँड आणला. खुंट्या दोन्हींकडे नाहीत. त्या कोणी केव्हा टाकल्या ते कोणालाच आठवत नाही. मामींनी त्या करून घ्यायला सांगितल्या आहेत, सागाच्या नकोत, शिसवाच्याच हव्यात, आणि त्यासाठी कल्याणच्या घराच्या मोडक्या देव्हाऱ्याची एक पट्टी काढून ठेवली आहे. पॉलिशवाला तुळशीच्या लग्नानंतर येतो म्हणाला आहे. आधी ठाण्याला जाईल, मग डोंबिवलीला.